उत्सर्जनाचा हिशेब आणि ओढ्याचे पाणी

सूरजागडचा डोंगर गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेकडे आहे. डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि सूरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचे माडिया गोंड तिला येतात. १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांच्या आठवणीही या गडाशी जोडलेल्या आहेत. याच डोंगराच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्स कंपनीला इथे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला, पण उत्खनन सुरू व्हायला २०१६ साल उजाडले. त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी खाणीवरची पाऊणशेहून अधिक वाहने जाळली. काम थांबत, अडखळत राहिले आणि २०२१ पासून मात्र वेगाने वाढले. २०२३ मध्ये वर्षाला ३० लाख टनांची परवानगी १ कोटी टनांवर गेली, २०२५ मध्ये २ कोटी ६० लाख टनांवर.

हवामानबदलाच्या अभ्यासात दोन शब्द सतत येतात. एक उपशमन, म्हणजे वातावरणात जाणारा कार्बन कमी करणे. दुसरा अनुकूलन, म्हणजे जे बदल आता टळणार नाहीत त्यांच्याशी जुळवून घेणे. पहिल्याचे गणित जगभर एकच आहे. सूरजागडला वाचवलेला एक टन कार्बन आणि स्टॉकहोमला वाचवलेला एक टन यांत फरक नाही. दुसऱ्याचे गणित मात्र गावागणिक बदलते. एका खोऱ्यात उपयोगी पडलेला उपाय शेजारच्या खोऱ्यात निरुपयोगी ठरू शकतो. त्यामुळे टनांत मोजता येणारे उपशमन सरकारी कागदावर सहज चढते आणि अनुकूलन मागे राहते.

सूरजागडला हा फरक डोळ्यांनी दिसतो. खनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यावरून जात, तेव्हा रस्त्याकडेची झाडे आणि घरे लाल धुळीने माखत. आता खाणीजवळच्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी टाकली आहे. भुकटी केलेले खनिज पाण्यात मिसळून तिच्यातून वाहून नेले जाते. ट्रक कमी झाले की डिझेल कमी जळते आणि धूळही कमी उडते. खाणीत विजेवर चालणारी वाहनेही आली आहेत. हे सगळे उपशमनाच्या खात्यात जमा होते आणि ते खोटे नाही. पण त्याच वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, खनिजाचा कस वाढवणाऱ्या प्रकल्पासाठी आणखी ९३७ हेक्टर वनजमीन वळवायला तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्या क्षेत्रात लाखाच्या वर झाडे आहेत. इतक्या जंगलातला कार्बन किती, हे आकडेमोड करून सांगता येते. त्या जंगलाखालून मे महिन्यात झिरपणारे पाणी कोणत्या वाडीची विहीर भरते, हे सांगणारा तक्ता कुठल्याही प्रस्तावाला जोडावा लागत नाही.

लोहखनिजाच्या डोंगरांचा माथा बहुधा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. माथा खरवडला की तेच पाणी जूनच्या पहिल्या सरींबरोबर गाळ घेऊन खाली येते. पावसाचे दिवस कमी आणि सरी मुसळधार, असे आता मध्य भारतात वारंवार घडते. अशा काळात पाणी थोपवून धरणारा डोंगर ही अनुकूलनाची सगळ्यात स्वस्त सोय असते. ती बांधावी लागत नाही, फक्त ठेवावी लागते.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे एकेकाळी एकच जिल्हा होते; २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. हवामानाचा मार दोघांना वेगवेगळा बसतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४७ अंशांच्या घरात जातो आणि देशातल्या सर्वांत तप्त ठिकाणांच्या यादीत ही नावे नेहमीची झाली आहेत. जवळपास सत्तर टक्के जंगल असलेल्या गडचिरोलीला भय पुराचे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. इंद्रावती तुंबली की पर्लकोटाचे पाणी उलटे फिरून गावात शिरते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. २०१९ च्या एकाच पावसाळ्यात हे अनेकदा घडले. वैनगंगेच्या काठच्या गावांचे लक्ष पावसापेक्षा गोसेखुर्दच्या दरवाजांकडे असते, तर सिरोंच्याचे गोदावरीवरच्या मेडिगड्डा बंधाऱ्याकडे.

ठळक संकटे ही अशी. घरातल्या पैशावर घाव घालणारी संकटे त्याहून बारीक असतात. तेंदूचा हंगाम मेमधला, जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा, तो फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन उन्हात मांडायचा, मग उलटायचा. या पैशावर बियाणे येते, मुलांच्या शाळा-कॉलेजचा खर्च निघतो. फळीवर पुडे पसरलेले असताना वळवाची एक जोरदार सर आली की पाने काळी पडतात आणि दिवसभराची मेहनत मातीमोल होते. मार्चमध्ये गारपीट झाली तर मोहफूल झडते. धानाचेही तसेच: पऱ्हे तयार आहेत आणि रोवणीला पाणी नाही, किंवा कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडल्या आहेत आणि वरून अवकाळी पाऊस. वार्षिक सरासरीत यातले काहीच दिसत नाही. पाऊस 'सरासरीइतका' पडलेल्या वर्षीही शेतकरी बुडालेला असू शकतो.

यावर उपाय नव्हते असे नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वीपासून तलाव बांधले. मालगुजारी गेल्यावर ते सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा तलाव' झाले. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून असे हजारो तलाव आहेत. तलावाला मातीची पाळ असते, पाणी सोडायला तुडुम असतो आणि जादा पाणी काढायला सलंग. वरच्या तलावातून सांडलेले पाणी खालच्या तलावात उतरते. ज्याचे शेत उंचावर त्याने आपली छोटी बोडी खणायची. रोवणीच्या वेळी पावसाने दगा दिला तर एक-दोन पाण्यांची सोय व्हावी, एवढाच हेतू. हल्ली ज्याला अनुकूलन म्हणतात ते याहून फार निराळे नाही. सरकारने तलाव ताब्यात घेतले आणि त्यांची देखभाल करणारी गावाची व्यवस्था मोडली. त्यानंतर गाळ साचत गेला. यात हवामानाचा काही दोष नव्हता.

धोरणाच्या पातळीवर महाराष्ट्र तसा मागे नाही. हवामानबदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८ चा. राज्याच्या सांगण्यावरून टेरी या संस्थेने महाराष्ट्राचा अभ्यास करून २०१४ मध्ये अहवाल दिला. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, हवामानाला तोंड देऊ शकणारी शेती हाच त्याचा विषय. पहिल्या टप्प्यात मराठवाडा, पश्चिम विदर्भ आणि आसपासचे जिल्हे होते, चंद्रपूर-गडचिरोली नव्हते. दुष्काळाच्या मापाने पाहिले तर ते बरोबरच होते. पण भरपूर पाऊस, भरपूर जंगल म्हणजे हवामानाच्या दृष्टीने सुरक्षित जिल्हा, ही समजूत अशा याद्यांतून पक्की होत जाते. आणि सुरक्षित जिल्ह्याचे जंगल वळवायला मन कमी कचरते.

विद्यापीठातली माणसे या सगळ्यात काय करू शकतात, याचे एक चांगले उदाहरण माधव गाडगीळ यांचे आहे. पुण्यात १९४२ मध्ये जन्म, हार्वर्डची डॉक्टरेट, १९७३ पासून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन आणि १९८३ मध्ये तिथे परिसरशास्त्राच्या केंद्राची उभारणी. पश्चिम घाटावरच्या २०११ च्या अहवालामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. पण त्यांच्या विचाराला वळण लावले ते बांबूने. सत्तरच्या दशकात कर्नाटकात कागद गिरणीला दीड रुपया टनाने बांबू मिळत होता, बुरुडांना तो बाजारभावाने घ्यावा लागत होता आणि बांबू संपत चालल्याचा ठपका गावकऱ्यांवर व त्यांच्या गुरांवर येत होता. गाडगीळांनी जागेवर जाऊन पाहिले तेव्हा निराळेच निघाले. बांबूच्या बेटाची वाढ सुधारावी म्हणून वनखाते बुडख्याजवळचे काटेरी आवरण साफ करवत होते. ते आवरण गेले की कोवळे कोंब उघडे पडत आणि जनावरे ते फस्त करत. ही गोष्ट गावातल्या माणसांना ठाऊक होती. त्यांना कोणी विचारले नव्हते.

पुढे गाडगीळांचा गडचिरोली-चंद्रपूरच्या ग्रामसभांशी घनिष्ठ संबंध आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यास मंडळाची पद्धत रुजवली होती. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून एखादा प्रश्न समजून घेत. निर्णय मात्र ग्रामसभा घेई, तोही सर्वांच्या सहमतीने. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा इथलीच. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनखात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कुठे कागदावरचा हक्क बाजारापर्यंत पोहोचला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव आणखी पुढे गेले. २०१२ मध्ये हजारावर हेक्टर जंगलाचा हक्क मिळाल्यावर गावाने तेंदूपाने विकायचीच नाहीत असे ठरवले. पानांसाठी झुडपांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात आणि माणसांना, पाखरांना खायला फळ राहत नाही, हे त्यांचे कारण. बांबू विकून चालवायचे आणि सुमारे ३४ हेक्टर जंगल नव्याने देवराई म्हणून राखायचे, हाही ठराव त्यांचाच. मेच्या पावसावर अवलंबून असलेले उत्पन्न सोडून पावसाळा सोडून एरवी तोडता येणाऱ्या बांबूकडे वळणे हे हवामानाशी जुळवून घेणेच झाले. गावाने त्याला ते नाव दिलेले नाही. गडचिरोली जिल्ह्यात चौदाशेच्या आसपास ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहेत. त्यातली प्रत्येक पाचगाव नाही, हेही मान्य करायला हवे. काहींचे हिशेब ठेकेदाराच्याच मुनिमाकडे असतात.

विद्यापीठ आणि गाव यांची देवाणघेवाण नेहमी सरळ झाली असेही नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण प्राथमिक शाळेपुरते होते. आपल्या दीड एकरातल्या धानात निराळी लोंबी दिसली, म्हणून ती त्यांनी वेगळी ठेवली, वर्षानुवर्षे निवडत नेली. त्या वेळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून वाणाला एचएमटी नाव पडले आणि तो दूरवर पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. मूळ बियाणे कोणाचे आणि श्रेय कोणाचे, हा वाद २०१८ मध्ये दादाजी गेले तरी मिटला नव्हता.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी निघाले. तोवर भामरागडच्या मुलाला विद्यापीठाच्या कामासाठी नागपूर गाठावे लागे. आता गडचिरोली गाठले की भागते, पण पावसाळ्यात पर्लकोटा चढली की एसटी बंद आणि एसटी बंद म्हणजे पेपर बुडाला. रोजीरोटी सांभाळून शिकता यावे म्हणून 'विद्यापीठ आपल्या गावात' या उपक्रमातून पदवीचे वर्ग गावांत नेले गेले. ग्रामसभांच्या सदस्यांना वनव्यवस्थापनाचे प्रशिक्षणही विद्यापीठाने दिले. दुसरीकडे २०२५ मध्ये लॉइड्स मेटल्स आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठ यांच्याशी करार करून खाणकाम व तंत्रज्ञानाच्या शिक्षणाची वाट काढली. एटापल्लीच्या मुलाने खाणीत पहारेकऱ्याऐवजी अभियंता व्हावे, यात गैर काही नाही. मात्र ज्या विद्यापीठात खाण शिकवली जाते, त्याच विद्यापीठाने खाणीखालच्या ओढ्याचीही नोंद ठेवली पाहिजे. आज ती नोंद नसल्यामुळे जनसुनावणीत गावकऱ्याचे म्हणणे 'तक्रार' ठरते आणि कंपनीचा अहवाल 'अभ्यास'. १ कोटी टनांच्या परवानगीसाठीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीत, डोंगरापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर झाली. तिथवर तक्रार पोहोचवणेही सोपे नव्हते.

ओढ्याची नोंद ठेवण्याचे काम महागडे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणाचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याच्या मूळ आराखड्यात १०० पैकी २५ गुण प्रत्यक्ष क्षेत्रकार्याला ठेवले होते. हे गुण बहुतेक ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या प्रकल्पवहीवर दिले जातात, हे कोणत्याही महाविद्यालयाला नवीन नाही. त्याऐवजी एटापल्ली, भामरागड, अहेरी, सिरोंचा, गोंडपिपरी, नागभीड इथल्या महाविद्यालयांनी येत्या जूनपासून प्रत्येकी एक ओढा आणि एक तलाव दत्तक घ्यावा. पाणी केव्हा आले, किती चढले, कोणत्या रंगाचे होते, केव्हा आटले, हे तारखेनिशी लिहावे आणि त्या वहीची एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी.