एक माल्ट, एक हॉप, एक दशक

गेल्या हिवाळ्यात आमचा एक स्नेही कामोठं सोडून मेलबर्नला गेला. तळोजा एमआयडीसीतली नोकरी, भाड्याचा वन बीएचके आणि बाल्कनीत झाकून ठेवलेला स्टीलचा मोठा टोप, एवढाच त्याचा पसारा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि घरमालकाला एकदम जाग आली. पण भाडं हे निमित्त. तिथे घरी बिअर करायला परवाना लागत नाही, हे तो दहा वर्षं ऐकवत होता. टोपात इथे काय शिजलं ते लिहिणार नाही. तो कायद्याच्या हद्दीबाहेर गेला, मी अजून आत आहे.

मागचा इतिहास भराभर उरकतो, कारण तो एकसुरी आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी-माडी सरकारी मुठीत गेली, १९४९ ला दारूबंदीचा कायदा आला, मग परमिटं आली. विनापरवाना मद्य बनवणं गुन्हा ठरलं आणि घरापुरत्या बिअरसाठी परवान्याची सोयच ठेवली नाही. ज्या ब्रिटिशांकडून आपण अबकारी शिकलो, त्यांनी १९६३ मध्ये घरगुती बिअरचा परवाना रद्द केला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ मध्ये तशाच मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. आपण जिथल्या तिथे.

माझं दशक सुरू झालं २००९ ला. त्या वर्षी पुण्यात ‘डूलाली’ने आपल्याच आवारात बनवलेली ताजी बिअर ग्लासात ओतली. २०१३ ला लोअर परळमध्ये ‘बार्किंग डिअर’ हा तसाच पब आला, पाठोपाठ ‘गेटवे’ची बिअर डोंबिवलीत बनू लागली. डोंबिवलीत! आम्हा हार्बर लाइनवाल्यांनाही हुरूप आला. तोवर आमच्याकडे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार ‘स्ट्राँग’ बाटली. हलक्या बिअरला ‘पाणी आहे नुसतं’ म्हणून हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. चव कळू नये म्हणूनच ती इतकी गार करतात, हे त्यांना कोण सांगणार?

स्नेह्याच्या वहीत रीत होती ती सगळ्यात साध्या एल बिअरची. २० लिटरला साधारण ४ किलो फिकट माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. ते भरडून ६५-६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे. जवातलीच विकरं स्टार्चची साखर करतात. पारा सत्तरीकडे गेला की न आंबणारी साखर वाढते आणि बिअर जड होते. गाळलेलं गोड पाणी तासभर उकळायचं. कॅस्केड हॉप्सचा पहिला वाटा सुरुवातीला, कडवटपणासाठी. उरलेला अगदी शेवटी, कारण वासाची तेलं उकळीत उडून जातात. मग गार करून यीस्ट. त्याला १८ ते २० अंश मानवतात. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उधळतं आणि बिअरला केळ्याचा, नाहीतर थिनरचा वास येतो. साध्या वरणासारखंच हे काम: फोडणी नाही, त्यामुळे चूक झाकायला जागा नाही.

पबमधली ही साधेपणाची हौस मात्र दशकभरही टिकली नाही. मग आंबा आला, कॉफी आली, नारळ आला. ग्लासाचा भाव वाढला आणि नळांच्या यादीतून साधी पेल एल मागे सरकली. ज्यांनी आम्हाला जव चाखायला शिकवलं, त्यांच्याच पिढीने तो फळांच्या रसाखाली गाडला.

जून २०२५ मध्ये सरकारने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर वाढवला, बिअरला वगळलं आणि धान्यापासूनच्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ला नवा वर्ग दिला. थोडक्यात, धान्याची दारू सरकारला चालते. फक्त ती कारखान्यात झाली पाहिजे. अमेरिकेत एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन घरची बिअर करता येते, विकता येत नाही. उत्पादन शुल्क खात्याने यातला चौथा हिस्सा दिला तरी पुरे. विक्रीला बंदी ठेवा आणि वयाची अट आजचीच, २१ ची.

तोवर वाचकहो, टोपाच्या वाटेला जाऊ नका. परवान्याच्या ठिकाणी जा आणि यादीतली सगळ्यात साधी एल मागा. ती जमली नसेल, तर उरलेली यादी वाचायची गरज नाही.