खाप्याहून तलावाकाठी, कॅराव्हॅन घेऊन

कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. झोपायला बर्थ, छोटा ओटा, फ्रिज आणि संडास, सगळे एकाच गाडीत. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात गाड्यांबरोबर त्या उभ्या करायच्या जागांचाही, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही, विचार आहे. आपण मात्र आधी गाडी बुक करतो आणि मुक्कामाचे तिथे गेल्यावर बघू म्हणतो. सहल बिघडते ती इथेच. रात्री गाडी कुठे उभी राहणार, हे आधी पक्के करा, गाडी नंतर.

सावनेर तालुक्यातल्या आपल्या खाप्याच्या आसपास पाण्याला तोटा नाही. पेंच नदीवर वरच्या अंगाला तोतलाडोह, त्याखाली नवेगाव खैरी, रामटेकच्या पलीकडे खिंडसी. शिवाय सिल्लारीकडे वाघोलीजवळही तलाव आहे.

यातला तोतलाडोह मुक्कामासाठी मनातून काढून टाका. तो पेंच व्याघ्र प्रकल्पात आहे. परवानगीशिवाय आत जाणे हाच गुन्हा, रात्र काढणे तर दूरच. नवेगाव खैरीचे पाणी नागपूर शहर पिते, त्यामुळे धरणाच्या भिंतीजवळ किंवा कालव्यावर गाडी लावू नका. तिथून कोणीही उठवेल, आणि बरोबरच करेल.

पहिल्या खेपेला खिंडसी बरे. निवास आणि बोटिंगची सोय असल्याने तिथे माणसांचा वावर असतो. एखाद्या रिसॉर्टच्या आवारात रात्रभर गाडी लावू देतील का, वीज आणि पाणी मिळेल का, हे फोनवर विचारा. ‘पार्किंग आहे का’ एवढेच विचारले तर उत्तर ‘आहे’ असेच येते. गाडीत चार माणसे झोपणार आहेत, हे स्पष्ट सांगा.

आकाश बघायचे असेल तर सिल्लारीचा भाग निवडा. जानेवारी 2024 मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ झाला, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेले क्षेत्र. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले. हो, त्या चारांत एक खापा आहे, पण तो आपला नव्हे. आपला खापा सावनेर तालुक्यातला, कन्हानकाठचा. म्हणून गाडी बाहेरून येणार असेल तर ड्रायव्हरला तालुक्यासकट पत्ता द्या, नाहीतर तो भलत्याच खाप्याला जाऊन आपल्याला फोन करील.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. ताऱ्यांसाठी अमावास्येच्या आसपासचे दिवस हवेत. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या गाडीत दुपार काढणे म्हणजे शिक्षाच. पावसाळ्यात जंगल सफारी बहुतेक बंद असते आणि रस्त्याकडेची काळी माती चाक गिळते.

आता गाडी. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी बघा: पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे हवीत. आपणच चालवणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो. ‘चौघांची गाडी’ म्हणतात तेव्हा त्या चौघांत ड्रायव्हर धरला आहे का, तेही विचारा. रात्री दहाला ड्रायव्हरने कुठे झोपायचे, हा प्रश्न निघाला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. काटकसरीने वापरले तरी माणशी रोज 20-25 लिटर लागतात. चौघांना दोन दिवसांचे झाले 160 ते 200 लिटर. गाडीची टाकी 100 लिटरची असेल, तर एकदा मध्ये भरावी लागणारच. पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये घरूनच न्या.

विजेत लोक जास्त फसतात. गाडीत इंजिनच्या बॅटरीखेरीज दिवे-पंख्यांसाठी दुसरी बॅटरी असते. समजा ती 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची आहे. गुणाकार केला की 1200 वॉट-अवर येतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून हाताशी उरतात 600. छोटा फ्रिज सरासरी 40 वॉट घेत असेल तर बारा तासांत 480 संपले. उरलेल्यात दोन दिवे आणि मोबाइल. आणि 1000 वॉटचा एसी लावला तर भरलेली बॅटरीही अर्ध्या तासात हात टेकते. एसी हवा असेल तर मुक्कामी विजेचा पॉइंट हवाच, आणि तो किती अँपिअरचा आहे हे विचारायला हवे. नेहमीच्या 5-6 अँपिअरच्या सॉकेटवर एसी चालवू नका.

निघायच्या आधी गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. गावातून जाताना लोंबत्या तारा आणि बाभळीच्या फांद्या छतावरच्या सोलर पॅनलला आधी भेटतात. गॅस सिलिंडर बंद, कपाटांना खिट्ट्या, ओट्यावर काही नाही. कन्हान ओलांडून पारशिवनी, पुढे रामटेक, असा रस्ता आहे. सिल्लारीला जायचे तर मनसरहून राष्ट्रीय महामार्ग 44 वर उत्तरेला पवनीपर्यंत जाऊन आत वळायचे. दुपारीच निघा. अनोळखी जागी अंधारात गाडी लावणे टाळायचे असेल तर दुसरा उपाय नाही.

पोहोचल्यावर सगळ्यांना एकच ओढ असते: पाण्याच्या अगदी काठाशी लावू या. इथे थांबा. हिवाळ्यात तलाव हळूहळू ओसरतो आणि मागे गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून तो वाळलेला दिसतो, भेगा पडलेल्या, माणूस चालला तरी पाय रुतत नाही. दोन बोटे जाडीच्या त्या पापुद्र्याखाली गाळ अजून लोण्यासारखा असतो. गाडीचे वजन तीन-चार टन. पुढची चाके पार होतात, मागची बसतात, आणि ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबत राहिला की चाक स्वतःच आपला खड्डा खणते. म्हणून गाडी मागे कडक जमिनीवर थांबवा आणि पहार किंवा जाड काठी जोर लावून रोवून पाहा. वीतभर सहज गेली तर पुढे जाऊ नका. गाडी अडकलीच तर इंजिन बंद करा, चाकापुढे फळ्या घाला आणि गावातून ट्रॅक्टर बोलवा. शिवाय ओसरलेल्या जमिनीवर पुष्कळ ठिकाणी कोणाचा तरी गाळपेरा असतो. पिकातून चाक नेऊ नका.

गाडी समतल उभी हवी. एक चाक खाली असेल तर फळी द्या. सिंकमध्ये थोडे पाणी ओता. ते जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचले, तर गाडी कलली आहे असे समजा. हँडब्रेक ओढा आणि चाकांखाली दगड अडकवा.

रोडगे करायचा मोह होईल, पण गोवऱ्या पेटवू नका. राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि जंगलालगत उघडा जाळ एरवीही नकोच. रोडगे घरून भाजून न्या, वांग्याची भाजी गाडीत करा. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवा, झोपताना सिलिंडर बंद करा. उरलेले अन्न बाहेर ठेवू नका: वानरे सकाळी येतात, रानडुकरे रात्रीच. अंधार पडल्यावर एकट्याने पाण्याकडे जाऊ नये. हा बिबट्याचा मुलूख आहे.

शेवटचे काम कोणालाच नको असते: टाक्या रिकाम्या करणे. भांड्यांचे सांडपाणी एका टाकीत जमते, संडासाचे दुसऱ्या टाकीत किंवा ओढून काढायच्या पेटीत. दोन्हींपैकी काहीही तलावाच्या उताराला सोडायचे नाही. पेटी रिसॉर्टच्या किंवा घरच्या संडासात ओता, पण आधी परवानगी घ्या आणि पेटीत कोणते औषध घातले आहे ते बघा. फॉर्मॅल्डिहाइडचे औषध सेप्टिक टँकमधले मैला कुजवणारे जिवाणू मारते. गाडी घेतानाच जैविक औषध मागितले तर हा प्रश्न उरत नाही. पेटी भरली की नाही हे दाखवणारा दिवा बऱ्याच गाड्यांत बिघडलेला असतो, तेव्हा चौघे असाल तर रोज सकाळी झाकण उघडून बघा.