एका टिंबाची रुजुवात

भोईवाड्यातून नायगावच्या दिशेने पायी निघाले की थोड्याच वेळात मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग लागतो. १८९८ साली स्थापन झालेल्या या संस्थेपाशी १८६७ पर्यंत छापलेली, ग्रंथसूचीकार ज्यांना दोलामुद्रिते म्हणतात ती, पुस्तके आहेत. आणि येथील दुर्मीळ ग्रंथांच्या पानांच्या प्रतिमा राज्य मराठी विकास संस्थेने आपल्या संकेतस्थळावर खुल्या केल्यामुळे, ठिसूळ पान उलटताना त्याचा तुकडाच हाती येईल ही धास्ती न बाळगता ती घरबसल्या चाळता येतात. घरच्या पेटीतील एखाद्या जुन्या पुस्तकाचीही अशीच तजवीज करावी, ही बुद्धी मला तेथूनच झाली.

पुस्तक मात्र तोवर स्थलांतरात गहाळ झाले होते. उरली होती ती २००६ साली काढलेली त्याची छायाचित्रे, आणि तीही वेळ वाचवण्याच्या नादात समोरासमोरची दोन पाने एकत्र घेऊन काढलेली. पन्नास लाख ठिपक्यांच्या त्या कॅमेऱ्याची एक ओळ २५९२ ठिपक्यांची, उघड्या पुस्तकाची रुंदी १४ इंच. म्हणजे इंचाला जेमतेम १८५ ठिपके पडले. अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राला तीनशेच्या आसपास लागतात, हे त्या वेळी कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्यातच फाइलींना मी १, २, ३ असे आकडे दिले असल्याने माझ्या जुन्या संगणकाने एकच्या मागोमाग दहावे पान आणून बसवले. ००१ पासून नव्याने क्रमांक घालण्यात एक रविवार गेला.

ही चित्रे पीडीएफमध्ये ओवली तर पाने क्रमाने उलटतात, पण होतो तो आल्बमच. यंत्राच्या लेखी छायाचित्र म्हणजे ठिपक्यांचे कोष्टक. कोणता ठिपका किती काळा याची नोंद त्यात असते, तो कोणत्या अक्षराचा अवयव आहे याचा दाखला नसतो, आणि म्हणून त्यात शब्द शोधता येत नाही की मोबाईलच्या अरुंद पडद्यावर ओळ मोडून घेता येत नाही. २००७ पासून रूढ झालेले ईपब हे वस्तुतः मजकुराच्या फाइलींचे एक गाठोडे असून त्यातील अक्षरे वाचकाच्या सोयीप्रमाणे लहानमोठी होतात. त्यासाठी चित्रातून अक्षरे उतरवून घेणे आले. हे काम करणारी टेसरॅक्ट नावाची प्रणाली ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ पासून घडत गेली आणि २००५ साली सर्वांसाठी मोफत झाली. रोमन अक्षरे सुटी उभी असतात, आपली शिरोरेषेला एकत्र लोंबतात, त्यामुळे जुन्या यंत्रांची फार त्रेधा उडे. २०१८ च्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट सबंध ओळच एका दमात वाचू लागल्याने नक्कल पुष्कळ सुधारली.

परंतु रुजुवात माणसालाच करावी लागते. माझे पुस्तक १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे, म्हणजे 'केलें', 'कांहीं', 'नांव' असे अनुच्चारित अनुस्वार मिरवणारे. पाने उजळावीत म्हणून मी डाग पुसण्याचा हुकूम सोडला, आणि यंत्राने डागांबरोबर अनुस्वारही इमानेइतबारे पुसून टाकले. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. तेव्हा ग्रंथकर्त्याने 'आपलें नांव' सांगितले होते तेथे तो आपली होडी दाखवू लागला. भोयांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत हे खपूनही गेले असते, पण मी मूळ छायाचित्रे पुन्हा उघडली आणि टिंबन् टिंब ताडून पाहण्यास बसलो.

एकसष्टाव्या पानावर 'मी' की 'मीं' हे ठरेना. टिंब स्पष्ट होते, परंतु शेजारीच वाळवीच्या वाटा होत्या, आणि वाळवीचे छिद्रही छायाचित्रात काळेच उमटते. शेवटी सुचले, की छिद्र असेल तर ते पाठीमागच्या बासष्टाव्या पानावरही, उजव्याऐवजी डावीकडे, तेवढ्याच अंतरावर दिसले पाहिजे. पट्टी लावून पाहिले. तेथे कागद कोरा होता. अनुस्वार ठेवला आणि बासष्टावे पान वाचावयास घेतले.