शार्कचा दात आणि बँकेतले भिंग

सांगलीला लेकीकडे गेलो की संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर एक फेरी ठरलेली. बरोबर नातू असतो, वय वर्षे दहा. त्याचा एक खिसा नेहमी जड असतो, कारण त्यात दगड असतात. मागच्या वर्षी घाटाच्या पायरीवर बसून त्याने विचारले, "आजोबा, इथे शार्कचा दात सापडेल का हो?"

सापडणार नाही, हे मला ठाऊक होते. साताऱ्याचा अजिंक्यतारा काय किंवा सांगली भागातल्या टेकड्या काय, सगळा काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचे हे थर. समुद्राचा तळ नव्हे. दोन थरांच्या मधल्या काळात कुठे तळी साचली आणि त्यांतले जीव गाडले गेले. मुंबईत वरळीच्या अशा खडकांत बेडकांचे सांगाडे मिळाले, पण ते गोड्या पाण्यातले. शार्कचे दात हवे तर कच्छ, तमिळनाडूतले अरियलूर किंवा ओडिशातले बारीपदा गाठायला हवे. आपल्या वाट्याला विहिरी आणि खाणी खोदताना खडकाच्या पोकळ्यांतून निघणारे झिओलाइटचे स्फटिक आले, आणि तेही काही कमी देखणे नाहीत.

"मग दात विकत आणू या," चिरंजीव म्हणाले.

त्याच्या वाढदिवसाच्या आधी एका शहरातल्या प्रदर्शनात मला तळहाताएवढा काळाभोर दात दिसला. 'मेगॅलोडॉन' असे लिहिलेले. हा प्रचंड शार्क सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. त्याचे सर्वांत मोठे दात १८ सेंटिमीटरच्या घरात जातात. सोबत सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. आयुष्यभर शिक्के मारण्यात गेलेला माणूस शिक्क्याला भुलला. किंमत सांगायला अजून लाज वाटते.

नातवाने तो दात शाळेत नेला, शेजारीपाजारी दाखवला, उशाशी घेऊन झोपला. पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. "आजोबा, दाताच्या कडेला एक बारीक रेघ आहे. सगळीकडून फिरते. माझ्या प्लॅस्टिकच्या घोड्यालाही अशीच आहे."

शनिवारच्या एस.टी.ने सांगली गाठली. सोबत जुने भिंग होते, सोनेतारण कर्जाच्या दिवसांतले. त्यातून पाहिले तो काय, मुळाच्या भागात टाचणीच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे. कडेची करवत इतकी एकसारखी की निसर्गाला ती जमणार नाही. रेघ साच्याची होती. दात राळेचा, ओतीव.

लेकीने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले. "बाबा, खरा आहे म्हणून सांगा. एवढासा पोर आहे तो."

मला एक जुना प्रसंग आठवला. शेळ्या विकून आलेला एक म्हातारा आमच्या शाखेत पैसे भरायला आला होता. गड्डीत पाचशेची एक नोट खोटी निघाली. नियम असा की, खोट्या नोटेवर तसा शिक्का मारायचा, ती जप्त करायची, पावती द्यायची आणि मोबदला काही द्यायचा नाही. म्हातारा हात जोडून म्हणाला, "सायेब, तुमीच खरी म्हना की." मी म्हटल्याने ती खरी होणार नव्हती. त्या दिवशी घरी जेवण गेले नाही, पण शिक्का मीच मारला होता. त्याला सांगितलेले सत्य नातवापासून कसे लपवू?

सांगितले. पोर बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे तुम्हालाही फसवलं?" त्या 'तुम्हालाही'ने मला सावरले. दोघांनी मिळून अभ्यासाला लागायचे ठरले.

पहिला धडा असा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो सहसा विरून जातो. दात मात्र आयुष्यभर पडतात आणि नवे येतात; एकेका शार्कचे हजारो. ते तळाच्या गाळात गाडले जातात, खनिजे त्यांत मुरतात आणि दाताला काळा, तपकिरी, राखाडी असा रंग येतो. म्हणून लहान खरे दात स्वस्त मिळतात. मोठा, निर्दोष आणि तरीही स्वस्त दात दिसला की थबकावे. या दातांना युरोपात पूर्वी 'जिभेचे दगड' म्हणत; ते आकाशातून पडतात अशीही समजूत होती. १६६६ साली इटलीत पकडलेल्या एका मोठ्या शार्कचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनो नावाच्या वैद्याकडे आले. त्याचे दात आणि ते दगड त्याने ताडून पाहिले. आमच्या घोड्याच्या रेघेची जातकुळी तीच.

दुसरा धडा पारखीचा. खऱ्या मेगॅलोडॉनच्या कडेला बारीक करवत असते, आणि मूळ व चकचकीत भाग यांच्यामध्ये इंग्रजी 'व्ही'सारखा गडद पट्टा. मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतून येणारा 'ओटोडस' वेगळा: कडा गुळगुळीत, दोन्ही बाजूंना छोटी उपटोके. तिथल्या मालात एकाचे टोक आणि दुसऱ्याचे मूळ चिकटवून वर वाळू थापलेलीही असते. जोड कुठे आहे ते भिंगाने शोधावे. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली डिंक बहुधा वेगळाच चमकतो. विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत: कुठल्या गावचा, कुठल्या थरातला, डागडुजी केली आहे का? प्रामाणिक माणूस जोड स्वतःहून दाखवतो. आणि पांढराशुभ्र, आजच्या शार्कचा दात मुलाला घेऊन देऊ नये. जिवंत प्राण्याच्या शिकारीला आपला रुपया लागू नये.

दिवाळीत आम्ही ओटोडसचा एक दात घेतला. अंगठ्याच्या पेराएवढा, टोक जरासे उडालेले. पारख नातवाने केली. मी फक्त भिंग धरले. पैसे मोजायला त्याने स्वतःचा गल्ला फोडला, मला देऊ दिले नाहीत.

आता मिठाईच्या रिकाम्या डब्यात कापसावर दोन्ही दात शेजारी शेजारी आहेत. लहान दाताखाली चिठ्ठी आहे: 'ओटोडस, मोरोक्को, खरा.' मोठा दात टाकून देऊ या, असे मी म्हटले होते, तो ऐकेना. त्याच्याखालची चिठ्ठी अशी: 'नकली. आजोबांनी दिला. रेघ मी शोधली.'