नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!

वडिलांचा इंतकाल होऊन महिना होत नाही तोच घरात प्रश्न उभा राहतो : फ्लॅट कोणाच्या नावावर? सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचे नाव असते. तो म्हणतो, अब्बांनी घर मलाच दिले. बहिणी गप्प बसतात. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे घडले, जरा आठवून बघा.

खरे तर नॉमिनी हा अमानतदार असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली जोडलेल्या कलम 154बी-13 नुसार नॉमिनीला सोसायटी फक्त तात्पुरता सदस्य करून घेते, तेही खरे वारस सदस्य होईपर्यंतच. घराची मालकी ठरते ती वारसा कायद्याने. आपल्यासाठी तो म्हणजे शरियत, जी 1937 च्या शरियत कायद्याने भारतात लागू आहे.

एक हिशोब करून बघू. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि बायकोची बाकी मेहर फेडल्यावर 40 लाखांचा फ्लॅट उरला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. मयताचे आईवडील हयात नाहीत. बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख. उरलेल्या 35 लाखांतून मुलीला 7 आणि प्रत्येक मुलाला 14 लाख. शाळेत हे गणित मुले पाच मिनिटांत सोडवतात. घरात मात्र वर्षानुवर्षे सुटत नाही.

"वसीयत करून सगळे एकाच मुलाला देऊ," असेही काही जण म्हणतात. ते चालत नाही. वसीयत एक-तृतीयांशापुरतीच, आणि वारसाच्या नावे केलेली असेल तर बाकीच्या वारसांची संमती लागते. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तो तिने राजीखुशीने, नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून सोडावा. माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे.

घरावर बँकेचे कर्ज असेल तर आणखी सावध राहा. कर्जदार गेला म्हणून कर्ज जात नाही. वारसांची जबाबदारी मात्र वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. कर्जासोबत विमा काढला होता का, हे आधी तपासा.

हप्ते 90 दिवस थकले की खाते एनपीए होते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. ही नोटीस कपाटात ठेवून देऊ नका. लेखी हरकत घ्या. बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावेच लागते. त्यानंतरही बँकेने ताबा घेण्याचे पाऊल उचलले तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

मग करायचे काय? वडील हयात असतानाच शेअर सर्टिफिकेट, करारनामा, कर्जाची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावा आणि ती कुठे आहे हे अम्मीला आणि बहिणींनाही सांगा. इंतकालानंतर सर्व वारसांनी एकत्र बसून वाटणीचा कागद वकिलाकडून करून घ्यावा, त्याची नोंदणी करावी आणि सोसायटीला द्यावा. तोवर मेंटेनन्स थकवू नये.

बहिणीचा हिस्सा ही भावाची मेहरबानी नाही, तो तिचा हक्क आहे. तो तिने मागण्याआधीच दिला तर कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, आणि ईदला तिची पावले माहेरच्या दारात अडखळणार नाहीत.