‘नीलडाऊन’च्या पलीकडचं ‘नील’

पनवेलच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘नील’ (kneel) हे इंग्रजी क्रियापद शब्दकोशाआधी वर्गात भेटतं. ‘टीचरनी नीलडाऊन केलं’, म्हणजे शिक्षा म्हणून गुडघ्यांवर बसवलं, असं मूल घरी सांगतं आणि आपणही फारसं मनावर घेत नाही. मारलं तर नाही ना, झालं! पण ही किरकोळ शिस्त आहे, हाच सगळ्यात घातक गैरसमज. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. कडक फरशीवर अंगाचा सगळा भार गुडघ्यांच्या वाट्यांवर येतो, शिवाय वर्गासमोर मान खाली जाते ती वेगळीच. ‘आमच्या वेळीही होतं की’ म्हणून पालकांनी हे सोडून देऊ नये.

काहींना ‘नील’ म्हणजे वाकणं वाटतं. कमरेत वाकणं वेगळं, उकिडवं बसणंही वेगळं. इथे गुडघा जमिनीला टेकायला हवा, मग एक असो वा दोन. मराठीत ‘गुडघे टेकले’ म्हटलं की शरणागती आलीच. इंग्रजी क्रियापद मात्र मुळात फक्त कृती सांगतं, भाव संदर्भातून कळतो. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या विश्वचषक सामन्याआधी भारतीय खेळाडूंनी गुडघा टेकला, तो वर्णद्वेषाच्या निषेधासाठी.

चर्चमधल्या गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेमुळे ‘परधर्मीय सगळेच असे बसतात’ असंही बोललं जातं. पण पनवेलमध्येच बेने इस्रायली या ज्यू समाजाचं बेथ एल सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, १८४९ सालचं. आणि ज्यू परंपरेत रोजची मुख्य प्रार्थना उभ्यानेच होते.

राहिला स्पेलिंगमधला मुका ‘के’. तो उगाच घातलेला नाही. गुडघ्याला इंग्रजीत ‘नी’ म्हणतात, त्याच्यापासूनच हे क्रियापद झालं, आणि जुन्या इंग्रजीत दोन्हींतला ‘क’ स्पष्ट उच्चारला जाई. पुढे सतराव्या शतकाच्या सुमारास तो बोलण्यातून गळला. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतो. ‘आजानुबाहू’ या आपल्या शब्दातला ‘जानु’, लॅटिनमधला ‘गेनू’ आणि हा ‘नी’, तिघांचं मूळ एकच.

भूतकाळात ‘नेल्ट’ आणि ‘नील्ड’ दोन्ही बरोबर. ‘नील्ड’ जुनं, ‘नेल्ट’ एकोणिसाव्या शतकात रुळलं. तेव्हा निबंधात ‘नील्ड’ दिसलं, तर मुलाचे गुण कापू नयेत.