छेदात कोण? : आरोग्यसेवेच्या गुणवत्तामापनातील तुलनेचा आधार

तुलना करावयाची तर दोन गोष्टींना जोडणारा एक समान आधार लागतो, ही तौलनिक साहित्याभ्यासातील प्राथमिक बाब होय. वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेचे मापन हीदेखील मूलतः तुलनाच असते. आणि तेथे हा आधार कोणता निवडला, यावर कोणाला उपचार मिळतील हे काही अंशी ठरते. अमेरिकेतील ऑस्टिओपोरोसिसविषयक मापनाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

या विकारात हाडे आतून विरळ होत जातात, पण मोडेपर्यंत बहुधा काही जाणवत नाही. रुग्णाकडे सांगण्याजोगी हकीकतच नसल्यामुळे निदान मुख्यतः आकड्यावर विसंबते. अस्थिघनता तरुण प्रौढांच्या सरासरीपेक्षा 2.5 प्रमाण विचलने किंवा त्याहून अधिक कमी असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजावा, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये दिला. मांडीच्या हाडाच्या मानेसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशींनी स्वीकारलेला संदर्भसमूह मात्र अमेरिकेच्या 1988 ते 1994 मधील राष्ट्रीय सर्वेक्षणातील 20 ते 29 वर्षे वयाच्या गोऱ्या स्त्रियांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2010 मध्ये भारतीय स्त्रीपुरुषांसाठी स्वतंत्र संदर्भमूल्ये प्रसिद्ध केली. संदर्भ बदलला म्हणजे हाड तेच राहूनही निदान बदलू शकते.

निदानाची ही गोष्ट झाली. सेवेच्या गुणवत्तेचे काय? बैरुत येथे जन्मलेले अर्मेनियन वंशाचे वैद्यक अवेदिस डोनाबेडियन यांनी 1966 च्या निबंधात रचना, प्रक्रिया आणि फलित अशी त्रयी मांडली. अमेरिकी आरोग्ययोजनांच्या ‘हेडिस’ या मापकसंचात दीर्घकाळ वापरला गेलेला एक निर्देशक यांपैकी प्रक्रियेवर उभा आहे. हाड मोडलेल्या 67 ते 85 वर्षे वयाच्या स्त्रिया हा त्याचा छेद. त्यांपैकी ज्यांची सहा महिन्यांत अस्थिघनता तपासली गेली किंवा ज्यांना औषध दिले गेले, त्या स्त्रिया हा अंश. पुढचे हाड मोडण्याचे टळले की नाही, हे तो विचारीत नाही. टळलेली घटना नोंदवहीत उमटत नाही, आणि तिची वाट पाहावयाची तर वर्षे जावी लागतात.

फलित मोजल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. मधुमेहात रक्तातील एचबीए1सी हे मध्यवर्ती फलित सहज मोजता येते. परंतु ते 6 टक्क्यांखाली आणू पाहणाऱ्या ‘अकॉर्ड’ या चाचणीतील कठोर नियंत्रणाचा गट फेब्रुवारी 2008 मध्ये मृत्यू अधिक आढळल्यामुळे थांबवावा लागला. आकडा सुधारला होता. त्यामुळे ‘नियंत्रण फारच ढळलेले आहे काय’ एवढेच विचारणारा, 9 टक्क्यांवरील रुग्ण मोजणारा निर्देशक मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

ऑस्टिओपोरोसिसच्या निर्देशकात अधिक बोलका आहे तो छेद. बोटांचे आणि चेहऱ्याचे अस्थिभंग त्यातून वगळले आहेत, ते सकारण. गंभीर आजाराने खंगलेल्या वृद्धांवर तपासण्या लादू नयेत, हाही विचार पटण्याजोगा आहे. पण पुरुष त्यात नाहीतच. आणि खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वयाबरोबर वाढतच जात असताना वयाची मर्यादा 85 वर थांबते. शहाऐंशीव्या वर्षी पडून खुबा मोडलेल्या, एरवी धडधाकट असलेल्या स्त्रीला औषध मिळाले काय किंवा न मिळाले काय, तिच्या आरोग्ययोजनेच्या या गुणांकात काहीही फरक पडत नाही.